पोरानं सांगून टाकलं, आता भावकीचं काय करायचं?

तुळशीचं लग्न लागलं की आपल्याकडं सातारा-सांगली भागात दुसरा सीझन चालू होतो, स्थळांचा. वधू-वर ग्रुपवर बायोडाटे पडायला लागतात, उंची पाच-नऊ, पुण्यात आयटीत, दोन एकर बागायत, मामाचं गाव अमुक, अपेक्षा अनुरूप. आणि ह्याच दिवसांत कुठल्यातरी घरात एखादं पोरगं आईला नाहीतर मामाला बाजूला घेऊन सांगतंय की मला हे लग्न जमणार नाही, मी गे आहे. किंवा पोरगी सांगते की मला नवरा नकोच आहे, माझं एका मुलीवर प्रेम आहे. ह्याच दिवसांत का, तर तोवर 'शिक्षण होऊ दे, नोकरी लागू दे, बहिणीचं उरकू दे' करत ढकललेलं असतंय आणि आता ढकलायला काही शिल्लक नसतंय.

आमच्यात भाच्यानं सांगितलं. अक्का-दाजी साताऱ्यात गोडोलीला, मी सांगलीत, भाचा पुण्यात नोकरीला. तेव्हापासनं ओळखीतली माणसं हळूच विचारतात, मामा तुमच्यात कसं केलं ओ, आमच्या एका पाहुण्यांच्यात पण तसंच आहे (हे पाहुणे बऱ्याचदा ते स्वतःच असतात, आपण समजून घ्यायचं). प्रत्येकाला फोनवर तासभर सांगण्यापेक्षा एकदाच लिहून काढतोय.

माझं म्हणणं आधीच सांगतो. लोकांना वाटतं की स्वीकारलं म्हणजे एकदा गळ्यात पडून रडलं, 'तू आमचाच आहेस' म्हटलं आणि विषय संपला. तेवढं पण लई घरांत होत नाही हे मान्य, पण खरं काम त्याच्या पुढचं आहे. पोरगं आणि भावकी यांच्या मधे कोणीतरी उभं राहायला लागतं, आणि ते एक दिवस नाही, वर्षानुवर्षं.

त्याच्याआधी थोडी माहिती, कारण घरातली निम्मी भांडणं माहिती नसल्यामुळं होतात.

दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. आपल्याला ओढ कोणाची वाटते ही एक, आणि आपण स्वतः आतून बाई आहोत की पुरुष की दोन्हीत न बसणारे, ही दुसरी. गे म्हणजे पुरुष, त्याला पुरुषाची ओढ. लेस्बियन म्हणजे बाई, तिला बाईची. बायसेक्शुअल म्हणजे दोन्हीकडं. हे सगळे पहिल्या गोष्टीतले. ट्रान्सजेंडर ही दुसऱ्या गोष्टीतली, म्हणजे जन्माच्या वेळी दवाखान्यात 'मुलगा झाला' लिहिलं पण ते माणूस स्वतःला मुलगी म्हणून ओळखतं, किंवा उलटं. अक्काला पहिला प्रश्न हाच पडलेला, 'म्हणजे ह्यो आता साडी नेसणार का?' त्यात तिची चूक नाही, आपल्या भागात यल्लमाचे साडी नेसणारे जोगते लहानपणापासनं बघितलेले असतात, तेवढंच एक चित्र डोक्यात असतं. गे मुलगा हा मुलगाच असतो, त्याच्या कपड्यात काही बदल होत नाही, भाचा तर अजून पण दिवाळीला तीच एक चॉकलेटी पँट घालतोय.

हा आजार आहे का? नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० सालीच समलैंगिकता आजारांच्या यादीतनं काढली, अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं त्याच्याही आधी, १९७३ ला. आपल्या इंडियन सायकिअ‍ॅट्रिक सोसायटीनं पण २०१८ ला स्पष्ट सांगितलं की हा मानसिक आजार नाही. ट्रान्सजेंडर असणं पण नव्या आंतरराष्ट्रीय यादीत मानसिक आजारांच्या प्रकरणात राहिलेलं नाही.

मग होतं कशामुळं? आईबापांना हा प्रश्न रात्री दोन वाजता पडतो, होस्टेलला ठेवलं म्हणून का, बाप सारखा बॉर्डरवर होता म्हणून का (दाजी मिलिटरीतनं रिटायर झालेत, त्यांनी हाच हिशोब मांडलेला), लाड केले म्हणून का. तर तसं काही नसतं. २०१९ ला पावणेपाच लाखांच्या वर लोकांचे जीन, म्हणजे जनुकं, तपासून एक मोठा अभ्यास आलेला, त्यात दिसलं की ह्याच्यासाठी कुठलाही एक जीन नाही, पुष्कळ जीन्सचा थोडा थोडा हात असतो आणि बाकी पण कारणं असतात, बघून सांगता येईल असं काही नाही. पण वाढवण्यात काहीतरी चुकलं म्हणून पोरगं असं झालं ह्याला मात्र काही आधार नाही. दाजींना हे समजावायला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण शिस्तीनं सगळं सरळ होतं ह्याच्यावर त्यांची आख्खी नोकरी गेलेली.

आजार नाही तर उपचार पण नाही. तरी लोक करतात. एक रस्ता डॉक्टरकडं जातो, कोणीतरी सांगतं की अमुक शहरात एक डॉक्टर गोळ्या देतो, शॉक देतो, 'सहा महिन्यात पोरगं नॉर्मल'. असला माणूस भेटला तर चप्पल घालून बाहेर या. मद्रास हायकोर्टानं २०२१ ला ह्या प्रकारावर बंदी घाला म्हणून सांगितलं आणि २०२२ ला नॅशनल मेडिकल कमिशननं राज्यांच्या मेडिकल कौन्सिलना कळवलं की असं 'बदलून देण्याचं' काम करणं हे डॉक्टरचं गैरवर्तन आहे, म्हणजे त्याच्यावर तक्रार करता येते. त्या मद्रासच्या केसमधली एक गोष्ट मला फार आवडते. दोन मुली घरातनं पळून चेन्नईला आलेल्या, आईबापांनी हरवल्याची तक्रार दिलेली, केस न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांच्यापुढं. ते म्हणाले मला ह्या विषयातलं पुरेसं कळत नाही, आणि निकाल द्यायच्या आधी ते स्वतः एका मानसशास्त्रज्ञापुढं बसले, समजून घ्यायला. हायकोर्टाचा जज शिकायला बसतो, आणि आपले तात्या सोफ्यावरनं निकाल देतात.

दुसरा रस्ता देवऋषाकडं. लिंबू उतरून टाकणं, अंगारा, 'बाधा झालीय'. उतारा टाकला तर एक लिंबू वाया गेलं म्हणून सोडून देऊ, पण भूत काढायच्या नावाखाली पोराला बांधून ठेवणं, मारणं, धूर देणं हा महाराष्ट्रात गुन्हा आहे, २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात. हा कायदा व्हावा म्हणून नरेंद्र दाभोलकरांनी आयुष्य घातलं, ते आपल्या साताऱ्याचे, तेव्हा निदान साताऱ्याच्या माणसानं तरी पोराला तिकडं नेऊ नये.

आणि तिसरा रस्ता, जो सगळ्यात जास्त लोक घेतात आणि ज्याला कोणी उपचार म्हणत पण नाही, तो म्हणजे 'लग्न लावून द्या, होतंय सगळं.'

ह्याच्यावर मी जरा जास्त बोलणार. लग्न लावून दिल्यानं पोरगं बदलत नाही. बदलतं काय, तर आधी एक माणूस घुसमटत होता, आता दोन. ती मुलगी कोणाची तरी लेक आहे, तिच्या बापानं सोसायटीचं कर्ज काढून कार्यालय बुक केलेलं असतंय, आणि तिला पहिले सहा महिने वाटत राहतं की माझ्यातच काहीतरी कमी आहे. मग सासू विचारायला लागते, पाळणा कधी हलणार. मग दवाखाने, तपासण्या, त्या पण तिच्याच. शेवटी कधीतरी बाहेर येतं, आणि तेव्हा दोन्ही घरांची इज्जत जाते जी वाचवायला हे सगळं केलेलं. कायद्यानं बघितलं तर महत्त्वाची गोष्ट लपवून, फसवून लग्नाला होकार घेतला तर हिंदू विवाह कायद्यात ते लग्न रद्द करून घ्यायला मुलगी कोर्टात जाऊ शकते. पण कायदा बाजूला ठेवा, आपल्या पोरीला असं कोणी दिलं असतं तर चाललं असतं का एवढंच विचारायचं. अक्कानं हे वाक्य ऐकलं आणि त्या दिवशी ग्रुपवरचा बायोडाटा काढून टाकला, स्वतःच्या हातानं, मला विचारून विचारून, 'डिलीट फॉर एव्हरीवन' कुठाय रे म्हणत. दोन दिवस उलटून गेलेले, त्यामुळं तो ऑप्शन येईना. मग तिनं खाली लिहिलं, 'सध्या पाहणे नाही.' तेवढ्यानं काम झालं.

आता तो पहिला दिवस. पोरगं सांगतंय तेव्हा ते बोलायच्या आधी कित्येक महिने मनात तालीम करून आलेलं असतंय आणि आपल्याला पाच सेकंद मिळतात, त्यामुळं आपण भारी काहीतरी बोलू अशी अपेक्षाच ठेवू नका. 'बरं झालं सांगितलंस' एवढं पुरतं. नाहीच सुचलं तर 'जेवलास का' पण चालतं, खरं सांगतो, आपल्याकडं त्याचा अर्थ कळतो सगळ्यांना. प्रश्न येणार डोक्यात, विचारा, पण चौकशीच्या आवाजात नको. 'कधीपासून माहितंय तुला?' चालेल. 'नक्की का? ट्राय केलंस का कधी पोरीबरोबर?' हे नको. 'कोणाच्या नादी लागलास' तर अजिबात नको, आणि 'आईला हे कळलं तर मरंल ती' हे वाक्य कृपा करून तोंडातनं काढू नका. अक्का भाकरी थापत होती. ऐकलं, काही बोलली नाही, तव्यावरची भाकरी उलटली, दुसरी थापायला घेतली, ती परातीतच फाटली, तिसऱ्यांदा पीठ मळून घेतलं. मग पाठमोरीच म्हणाली, 'तिकडं पुण्यात तुझ्याबरोबर कोण असतंय का रे, का एकटाच असतोस?' मला विचाराल तर कुठल्याही समुपदेशकाला ह्याच्यापेक्षा बरा प्रश्न सुचला नसता. कोणाबरोबर काय करतोस हे विचारलंच नाही तिनं, एकटा आहेस का तेवढं विचारलं.

दाजी मात्र उठून बाहेर गेले आणि पुढं बरेच दिवस पोराशी फक्त गॅस सिलेंडर आणि लाईट बिल एवढ्यावरच बोलले. बापांचं असं होतं. त्याला पण वेळ द्या, पण गप्प बसणं आणि टाकून बोलणं ह्यात फरक करा. गप्प बसलेल्या माणसाला थांबता येतं. टाकून बोलणाऱ्याला घरातल्याच कोणीतरी त्याच दिवशी अडवायला पाहिजे, कारण त्याचा परिणाम नुसता मन दुखण्यावर थांबत नाही. अमेरिकेत २००९ ला गे, लेस्बियन, बायसेक्शुअल तरुण मुलांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात ज्यांना घरच्यांनी फार झिडकारलं होतं त्यांच्यात आत्महत्येचा प्रयत्न केल्याचं प्रमाण, ज्यांना घरच्यांनी झिडकारलं नाही किंवा कमी झिडकारलं त्यांच्या आठ पटीच्या वर निघालं. पोरगं जेवत नाही, झोपत नाही, 'माझ्यामुळंच सगळं' असं बोलायला लागलंय, तर थांबू नका, सरकारची टेली-मानस हेल्पलाईन आहे, १४४१६, चोवीस तास, मराठीत बोलता येतं, आईबापांनी स्वतःसाठी फोन केला तरी चालतो.

आता भावकी.

पहिला नियम, ही बातमी पोराची आहे, आपली नाही. त्यानं आपल्याला सांगितलं म्हणजे आजीला, काकाला, शेजारच्या वहिनींना सांगायची परवानगी दिली असं होत नाही. आपल्या गावांत एका घरातली गोष्ट दुसऱ्या चौकात पोचायला चहा उकळायचा पण वेळ लागत नाही, आणि एकदा गेलेली परत येत नाही. म्हणून पहिल्याच आठवड्यात विचारायचं, कोणाकोणाला माहितंय, मी कोणाला सांगितलेलं चालेल, कोणाला अजिबात नको. भाच्यानं नावं सांगितली, चुलतबहीण चालेल, मोठे काका नको, आजीला तो स्वतः सांगणार. ठरलं म्हणजे ठरलं. 'मी विश्वासातल्याच माणसाला सांगितलं' ही पळवाट आहे, त्या माणसाची पण विश्वासातली माणसं असतात.

दुसरं, लग्नाच्या प्रश्नाला कोण तोंड देणार ते ठरवा. हे काम पोराचं नाही. तो वर्षातनं दोनदा येतो, गणपतीला आणि दिवाळीला, आणि त्या दोन्ही वेळेला आत्या, माम्या, समोरचे नाना सगळे एकच प्रश्न घेऊन उभे. खोटं बोलायची गरज नसते, पण सगळं खरं सांगायची पण नसते. 'काय वो वहिनी, पोरगं तिशीला आलं, बघायलाय का न्हाई?' तर अक्काचं उत्तर तयार असतं, 'त्याचं त्यो बघंल, शिकलेला हाय. तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन कधी हाय?' गुडघा निघाला की अर्धा तास निघतो. आणि कोणी फारच मागं लागलं तर आवाज खाली करून, 'आमच्यात हा विषय बंद केलाय' असं मोठ्या माणसानं म्हणायचं. बापानं म्हटलं तर जास्त चालतं. एका बारशात दाजी तीनच शब्द बोलले, 'आमचं ठरलंय सगळं', आणि समोरचा माणूस परत विचारायला आला नाही. काय ठरलंय हे दाजींना पण नीट सांगता आलं नसतं.

पोराचा जोडीदार असेल तर त्याला त्याच्या नावानं हाक मारा. 'तुझा तो मित्र' नको. फोनवर 'तो जेवला का' विचारा. गौरीच्या जेवणाला बोलवायचं का, बोलवलं तर बाकीच्यांना काय म्हणून सांगायचं, हे त्या दोघांना विचारून ठरवा, काहींना रूममेट म्हणून आलेलं चालतं, काहींना तसं येण्यापेक्षा न आलेलं बरं वाटतं.

मुलींचं जास्त अवघड असतं हे कबूल करायला पाहिजे. मुलगा निदान पुण्याला निघून जातो. मुलीचा मोबाईल काढून घेतला जातो, कॉलेज बंद, महिन्याभरात कुठंतरी सुपारी फोडून मोकळे. ती सज्ञान असेल तर कोणाबरोबर राहायचं हे ठरवायचा तिला हक्क आहे. मार्च २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं सगळ्या हायकोर्टांना सांगितलं की अशा केसमध्ये मुलीला तिच्या मनाविरुद्ध आईबापांकडं ढकलू नका आणि समुपदेशनाच्या नावाखाली तिला बदलायला बघू नका. आत्या, मावशी, वहिनी ह्यांचं खरं काम इथं आहे. अशा मुलीला एक फोन आणि एक सुरक्षित घर लागतं, बाकी ती बघते. वकील परवडत नसेल तर मोफत कायदा मदतीचा नंबर १५१०० आहे.

मुलगा किंवा मुलगी ट्रान्सजेंडर असेल तर नाव आणि 'आला-आली' ह्यात सुरुवातीला जीभ अडखळणार, सुधारायचं आणि पुढं बोलायचं, तिथंच माफीचा कार्यक्रम लावायचा नाही. घराबाहेर काढणं हा प्रकार आपल्याकडं सर्रास होतो, पण २०१९ च्या कायद्यात ट्रान्सजेंडर मुलाला किंवा मुलीला आईबापांच्या घरात राहायचा हक्क लिहिलेला आहे.

बरेच जण अजून विचारतात, पोलीस केस होईल का. नाही. असले संबंध गुन्हा ठरवणारं इंग्रजांच्या काळातलं ३७७ कलम सज्ञान माणसांच्या आपसातल्या संमतीच्या संबंधांपुरतं सुप्रीम कोर्टानं ६ सप्टेंबर २०१८ ला काढून टाकलं. त्यावेळी न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी लिहिलं की इतिहासानं ह्या लोकांची आणि त्यांच्या घरच्यांची माफी मागायला पाहिजे. घरच्यांची पण, हे मी अक्काला दोनदा वाचून दाखवलं.

आईबापांना स्वतःचं मन मोकळं करायला पोरगं सोडून दुसरं कोणीतरी पाहिजे. रडू येणार, सुनेचं स्वप्न बघितलेलं असतंय, ते खोटं नव्हतं. पण ते रडू पोराच्या खांद्यावर नको, त्याला वाटतं मीच गुन्हेगार. 'स्वीकार' नावाचा अशाच आईबापांचा ग्रुप आहे, मुंबईत सुरू झालेला, एप्रिल २०२३ मध्ये त्यांच्यातल्या चारशेच्या वर पालकांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलेलं की आमच्या मुलांना लग्नाचा हक्क द्या. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ ला समपथिक ट्रस्ट सुरू केली, खिऱ्यांनी ह्या विषयावर मराठीत भरपूर लिहिलंय. आणि सांगलीकरांनो, आपल्याकडं काहीच नाही असं म्हणू नका, 'संग्राम' संस्था १९९२ पासून सांगलीत काम करते आणि तिच्याबरोबरच 'मुस्कान' ही समलिंगी पुरुष आणि तृतीयपंथी यांची संघटना उभी राहिली. आणि हसायचं असेल तर मुंबईच्या पद्मा अय्यर यांची २०१५ ची जाहिरात आठवा, मुलासाठी नवरा पाहिजे म्हणून पेपरात दिलेली, जातीची अट नाही पण अय्यर असल्यास प्राधान्य. आई ती आईच.

मित्रमंडळींनी काय करायचं? कट्ट्यावर 'बायल्या', 'छक्का' असलं काही निघालं की न हसता 'सोड की' म्हणायचं. भाषण द्यायचं नाही. न हसलेला एक माणूस पण पुष्कळ असतो, कारण त्या कट्ट्यावर कोणीतरी बसलेला असतो जो बघत असतो कोण हसतंय.

शेवटी दाजींचा प्रश्न, जो त्यांनी लई उशिरा विचारला, 'आमच्या माघारी ह्याला कोण?' हा प्रश्न खरा आहे आणि त्याला 'सगळं होईल नीट' हे उत्तर नाही, कागद हे उत्तर आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं समलिंगी लग्नाला मान्यता द्यायला नकार दिला, म्हणजे जोडीदार कितीही वर्षं बरोबर असला तरी कायद्याच्या नजरेत तो वारस नाही. ऑगस्ट २०२४ ला केंद्रानं एवढं स्पष्ट केलं की अशा जोडप्याला बँकेत जॉईंट खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला काही अडचण नाही. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो पैसे वारसासाठी सांभाळणारा असतो. त्यामुळं फ्लॅट जोडीदाराला जावा असं वाटत असेल तर मृत्युपत्र लागतं. ते साध्या कागदावर पण होतं, दोन साक्षीदारांसमोर सही, साक्षीदारांच्या पण सह्या, रजिस्टर करणं सक्तीचं नाही पण करून ठेवावं म्हणजे नंतर पुतणे लोकांना खेळायला जागा राहत नाही. साक्षीदार सज्ञान पण आपल्यापेक्षा वयानं लहान आणि ज्याला मृत्युपत्रातनं काही मिळणार नाही असा बघा. दाजींनी मागच्या महिन्यात स्वतःचं पण करून घेतलं, गोडोलीचं घर भाच्याच्या नावावर, आणि वकिलाला वर सांगितलं की ह्याच्यात कोणी हात घालायचा नाही असं पण लिहा. वकील म्हणाला तसं लिहिता येत नाही. दाजी म्हणाले, लिहून बघा.